टोकियो ते होनोलुलू: अंतर तेवढंच, मग वेळ का बदलतो?

टोकियोहून होनोलुलूला विमानाने साधारण सात तासांत पोहोचता येतं. परत यायला मात्र साडेआठ तास लागतात, आणि ऐन हिवाळ्यात कधी कधी नऊ तासांच्याही वर. विमान तेच, विमानतळ तेच, मधला प्रशांत महासागरही तोच. हा एखाद्या दिवशी झालेला उशीर नव्हे. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातच हा फरक आधीपासून धरलेला असतो.

अंतर कळलं की त्याला वेगाने भागायचं आणि वेळ काढायचा, हा आपला नेहमीचा हिशोब. रस्त्यावर तो बऱ्यापैकी जमतो, कारण रस्ता जागचा हलत नाही. विमान ज्यातून जातं ती हवा मात्र स्वतःच वाहत असते. अंतर मोजायचं ते जमिनीवर आणि वेळ ठरतो तो हवेत, एवढी एक गोष्ट नीट लक्षात आली की विमानप्रवासातली बरीच कोडी सुटतात. टोकियो जपानच्या होन्शू बेटावर आहे, होनोलुलू हवाईतल्या ओआहू बेटावर. मध्ये उतरायला जवळजवळ काही नाही, वर जगातला सर्वांत जोरकस वाऱ्याचा पट्टा, आणि वाटेत तारीखच बदलून टाकणारी वाररेषा. हा विषय समजून घ्यायला याहून चांगली जोडी मला तरी दिसत नाही.

आधी अंतर

टोकियोच्या हानेदा विमानतळापासून होनोलुलूच्या विमानतळापर्यंत सुमारे ६,२०० किलोमीटर अंतर आहे. टोकियोच्याच दुसऱ्या, नारिता विमानतळापासून ते साठेक किलोमीटर कमी भरतं, कारण नारिता शहराच्या पूर्वेला, म्हणजे होनोलुलूच्या बाजूला आहे. वेगवेगळ्या ठिकाणी या अंतराचे आकडे थोडे वेगळे दिसतात त्याचं एक कारण हे. कोणी विमानतळापासून मोजतं, कोणी शहराच्या मध्यापासून. दुसरं कारण म्हणजे पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवाशी ६,३५७. पृथ्वी पूर्ण गोल धरून केलेला हिशोब आणि तिचा चपटेपणा धरून केलेला हिशोब यांत काही किलोमीटरांचा फरक पडतोच. एवढ्या लांबच्या प्रवासात त्याने काही बिघडत नाही.

हे अंतर मोजतात कसं? घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक टोकियोवर दाबून धरा, दुसरं होनोलुलूवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच बृहद्‌वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाणारा काप पृष्ठभागावर जी रेघ उमटवेल, तिचा हा तुकडा.

आता दोरा नीट पाहा. होनोलुलू टोकियोच्या बरंच दक्षिणेला आहे. टोकियो साधारण ३५.५ अंश उत्तर अक्षांशावर, तर होनोलुलू २१ अंशांच्या थोडं वर. म्हणजे विमान निघाल्यापासूनच आग्नेयेकडे तोंड करून जाईल असं वाटतं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघही तशीच येते. पण दोरा टोकियोतून निघताना जवळजवळ सरळ पूर्वेला जातो, किंचित उत्तरेकडेच झुकतो, आणि मग हळूहळू दक्षिणेकडे वळत होनोलुलूला पोहोचतो. मधल्या टप्प्यावर तो पट्टीच्या रेघेपेक्षा सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला असतो. नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर सरळ असते आणि नकाशावरची सरळ रेघ गोलावर वाकडी. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना कुठेतरी ताणावा लागतो, त्याचा हा परिणाम.

यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पट्टीच्या रेघेने गेलं तर अंतर किती वाढतं? मधोमध साडेचारशे किलोमीटर दूर असलेली वाट म्हणजे मोठा वळसा असणार असं वाटतं. प्रत्यक्षात एकूण अंतर वाढतं ते जेमतेम पाऊणशे किलोमीटर, म्हणजे विमानाच्या पाच मिनिटांचं. सर्वांत जवळच्या वाटेच्या आजूबाजूला अशा पुष्कळ वाटा असतात, ज्या तिच्यापेक्षा नाममात्र लांब असतात. त्यामुळे थोडं अंतर वाढवून दुसरा काही फायदा मिळत असेल, तर तो घ्यायला वैमानिकाला मोकळीक असते. तो फायदा म्हणजे वारा.

वारा

लांब पल्ल्याची प्रवासी विमानं साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवर उडतात. तिथे त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ८४ ते ८५ टक्के असतो. त्या उंचीवर तापमान उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि थंड हवेत ध्वनी संथ जातो, म्हणून विमानाचा हा वेग ताशी साधारण ९०० किलोमीटर भरतो. पण हा वेग हवेच्या तुलनेतला आहे. नदीत पोहणाऱ्याचं जसं होतं, तसंच इथे होतं. धारेबरोबर पोहलं की काठावरची झाडं झपाझप मागे पडतात, धारेविरुद्ध तेवढेच हात मारले तरी माणूस जेमतेम सरकतो. विमान हवेतून ताशी ९०० ने जात असेल आणि हवा स्वतः ताशी १०० ने त्याच दिशेला वाहत असेल, तर खालच्या समुद्रावरून ते ताशी १,००० ने पुढे सरकतं. उलट दिशेने ८००.

आता हिशोब करू. वारा नसता तर ६,२०० किलोमीटरला सहा तास त्रेपन्न मिनिटं लागली असती. पाठीमागून ताशी १०० चा वारा असेल तर सहा तास बारा मिनिटं. समोरून तेवढाच असेल तर सात तास पंचेचाळीस मिनिटं. दीड तासाचा फरक केवळ वाऱ्याने पडला.

इथे पुष्कळांचा एक समज असतो की जाताना जे कमावलं ते येताना गमावलं, म्हणजे जाऊन-येऊन हिशोब सारखाच. तसं होत नाही. जाताना ४१ मिनिटं वाचली, येताना ५२ मिनिटं गेली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, त्यामुळे तो वारा त्याला जास्त वेळ मागे ओढत राहतो. वारा कुठल्याही दिशेचा असला आणि दिवसभर तसाच राहिला, तरी एकाच वाटेने जाऊन-येऊन नेहमी तोटाच होतो. म्हणून परतीची वाट वेगळी निवडतात.

जपानवरचा हा वारा साधासुधा नाही. याला जेट स्ट्रीम म्हणतात: काही हजार किलोमीटर लांब, काहीशे किलोमीटर रुंद आणि उंचीला फार थोडा, असा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हवेचा प्रवाह. पृथ्वीभोवती तो नागमोडी वळणं घेत फिरतो, पण हिवाळ्यात त्याचा सर्वांत जोरकस भाग जपान आणि त्याच्या पूर्वेच्या समुद्रावर असतो. तिथे ताशी २०० ते ३०० किलोमीटरचे वारे हिवाळ्यात नवलाचे नसतात.

नेमका तिथेच का? उष्ण हवा प्रसरण पावते, म्हणून उष्ण प्रदेशावरचा हवेचा थर जाड असतो आणि थंड प्रदेशावरचा दबलेला. दहा किलोमीटर उंचीवर गेलात तर उष्ण बाजूला अजून पुष्कळ हवा वर शिल्लक असते, थंड बाजूला कमी. म्हणजेच त्या उंचीवर दक्षिणेला दाब जास्त आणि उत्तरेला कमी. हवा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ पाहते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि शेवटी पूर्वेकडे वाहू लागते. दोन बाजूंच्या तापमानातला फरक जितका तीव्र, तितका हा वारा जोरात. हिवाळ्यात जपानच्या एका बाजूला सैबेरियाची गोठलेली हवा असते आणि दुसऱ्या बाजूला कुरोशिओ या उबदार सागरी प्रवाहावरची हवा. एवढ्या थोड्या अंतरात इतका मोठा फरक पृथ्वीवर फार कमी ठिकाणी सापडतो. उन्हाळ्यात सैबेरिया तापतो, फरक घटतो, वारा मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाण्या-येण्याच्या वेळांतली तफावत पुष्कळ कमी होते.

होनोलुलूच्या बाजूला परिस्थिती अगदी वेगळी. तिथे जमिनीलगत ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात आणि वर पश्चिमेचे वारे असले तरी जपानवरच्या इतके जोरकस क्वचितच असतात. त्यामुळे या प्रवासात वाऱ्याचा खरा जोर पहिल्या अर्ध्यात जाणवतो. जानेवारीतल्या एखाद्या रात्री टोकियोहून निघालात तर समोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतल्या वेगाचा आकडा पाहत राहा. विमान वर चढून स्थिरावलं की तो १,१०० च्या पुढे गेलेला दिसू शकतो. मग तासागणिक १,०५०, १,०००, ९५० असा उतरत जातो. इंजिनं तशीच चालू असतात, आवाजही बदलत नाही. विमान संथ झालेलं नसतं, वाऱ्याचा पट्टा मागे पडलेला असतो. आणि १,१०० चा आकडा पाहून विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला असंही समजायचं कारण नाही. भोवतीच्या हवेतून ते तेव्हाही ९०० नेच जात असतं.

या वाऱ्याचा शोध लागला तोही टोकियोजवळच, आणि ती हकिकत मला फार हळहळ लावणारी वाटते. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथे वरच्या हवेची वेधशाळा होती. वासाबुरो ओईशी तिचे प्रमुख. ते हायड्रोजनचे छोटे फुगे सोडायचे आणि दुर्बिणीच्या यंत्राने फुगा दिसेनासा होईपर्यंत त्याचा कोन टिपत राहायचे. फुगा कुठे किती सरकला यावरून त्या त्या उंचीवरचा वारा कळायचा. १९२४ च्या डिसेंबरमध्ये नऊ किलोमीटर उंचीवर त्यांना सेकंदाला ७० मीटरहून जास्त, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढचा वारा सापडला. निष्कर्ष जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचावेत म्हणून ओईशींनी ते १९२६ मध्ये एस्पेरांतो या जागतिक म्हणून तयार केलेल्या भाषेत छापले. ते फारसे कोणी वाचलेच नाहीत. पुढे १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली, तेव्हा हा वारा त्यांच्या वैमानिकांना पहिल्यांदा भेटला. त्यांचे बॉम्ब लक्ष्यापासून दूर पडत होते. त्याच सुमारास जपानी लष्कराने याच वाऱ्यावर स्फोटकांचे हजारो फुगे प्रशांत महासागरापलीकडे सोडले होते. वीस वर्षं छापून पडलेली माहिती जगापर्यंत पोहोचली ती युद्धातून.

परतीची वाट

होनोलुलूला जाताना वाऱ्यावर बसायचं आणि परतताना त्याला चुकवायचं. होनोलुलूहून निघालेल्या विमानाची वाट बहुतेक वेळा जास्त दक्षिणेकडून आखलेली असते, म्हणजे वाऱ्याच्या पट्ट्यात शेवटपर्यंत शिरायचं नाही आणि शिरलं तरी थोडाच वेळ. समजा या वळशाने अंतर २०० किलोमीटरने वाढलं, पण समोरचा वारा सरासरी १०० वरून ६० वर आला. आता ६,४०० भागिले ८४०. उत्तर सात तास सदतीस मिनिटं. लांबच्या वाटेने गेलेलं विमान आठ मिनिटं आधी पोहोचलं! लांब पल्ल्याचं दोन इंजिनांचं मोठं विमान तासाला पाच-सात टन इंधन जाळतं, म्हणजे या आठ मिनिटांत पाऊण टनाच्या आसपास इंधन वाचलं. मघाशी पाहिलेली मोकळीक इथे उपयोगी पडते.

ही वाट रोज नव्याने ठरते, कारण वाऱ्याचा पट्टा रोज थोडा सरकतो. उत्तर प्रशांतावर हवामानाचे अंदाज पाहून रोजचे मार्ग आखून देण्याची व्यवस्था आहे. अमेरिकेच्या बाजूने ओकलंडचं आणि जपानच्या बाजूने फुकुओकाचं हवाई नियंत्रण केंद्र ते काम पाहतं. कंपन्या आपापल्या विमानाला सोयीचा मार्गही मागून घेऊ शकतात. महासागराच्या मध्यावर जमिनीवरचं रडार पोहोचत नाही. विमान उपग्रहामार्फत आपली जागा कळवत राहतं, म्हणून दोन विमानांमधलं अंतरही तिथे जास्त ठेवावं लागतं.

वाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेला वेग एकदम बदलतो आणि तिथे निरभ्र आकाशातही विमान जोरात हलू शकतं. ढग नसल्यामुळे हे धक्के विमानातल्या रडारवर दिसत नाहीत. २८ डिसेंबर १९९७ रोजी नारिताहून होनोलुलूला निघालेलं एक बोइंग ७४७ दोन तासांच्या सुमारास अशा धक्क्यांत सापडलं. एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले आणि विमान टोकियोला परत फिरलं. पट्टा बांधायची खूण विझली तरी बसल्या जागी पट्टा बांधलेला ठेवा असं विमानात सांगतात, ते कृपा करून ऐका.

मधे उतरायचं झालं तर

दोन बेटांमधल्या प्रवासाचा हा भाग जमिनीवरच्या प्रवासात येतच नाही. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ते ठरावीक वेळात कुठल्यातरी विमानतळावर पोहोचायलाच हवं, असा नियम आहे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, म्हणून महासागरांवर तीन-चार इंजिनांची विमानं लागायची. इंजिनं भरवशाची होत गेली तशी ती १९८५ मध्ये १२० मिनिटांवर आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांवर नेली गेली. आज टोकियो-होनोलुलू मार्गावर दोन इंजिनांची विमानं सर्रास दिसतात ती या बदलामुळे.

मग वाटेत उतरायला आहे काय? मिडवे नावाचं छोटंसं प्रवाळबेट, होनोलुलूच्या वायव्येला सुमारे २,१०० किलोमीटरवर. तिथे वस्ती नावापुरती, समुद्रपक्षी लाखोंनी, आणि एक लांब धावपट्टी. दक्षिणेकडे वेक बेट आहे, तिथेही धावपट्टी आहे. नेहमीचं प्रवासी विमान या बेटांवर उतरत नाही, पण प्रत्येक उड्डाणाच्या कागदांत त्यांची नावं असू शकतात. २०१४ च्या जुलैमध्ये होनोलुलूहून ग्वामला निघालेलं एक बोइंग ७७७ बिघाडामुळे खरोखरच मिडवेवर उतरलं. म्हणून ती धावपट्टी जपून ठेवणं फुकट जात नाही. गंमत म्हणजे १९३५ मध्ये 'चायना क्लिपर' ही उडती बोट टपाल घेऊन सान फ्रान्सिस्कोहून मनिलाला गेली, तेव्हा तिचे थांबे होनोलुलू, मिडवे, वेक आणि ग्वाम हेच होते. २२ नोव्हेंबरला निघून ती २९ नोव्हेंबरला पोहोचली.

आणखी एक प्रश्न. भर समुद्रावर काही झालं तर पुढे जायचं की मागे फिरायचं? अर्ध्या वाटेपर्यंत मागे, त्यानंतर पुढे, हे उत्तर वारा नसेल तरच बरोबर. टोकियोहून निघालेल्या विमानाला पुढे जाताना ताशी १,००० मिळतात आणि मागे फिरलं तर ८००. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल तो बिंदू यावरून काढता येतो: ६,२०० गुणिले ८००, भागिले १,८००. उत्तर येतं साधारण २,७५० किलोमीटर. म्हणजे अंतराचा अर्धा टप्पा ३,१०० वर असला तरी वेळेचा अर्धा टप्पा त्याच्या साडेतीनशे किलोमीटर आधीच येऊन जातो. त्यापुढे होनोलुलू लांब असूनही वेळेच्या हिशोबात जवळ असतं. वैमानिक हा बिंदू उड्डाणाआधीच काढून ठेवतात. प्रत्यक्ष हिशोबात एका इंजिनावरचा कमी वेग, खालची उंची आणि मिडवेसारखे पर्यायही धरले जातात, पण तत्त्व हेच.

इंधनाचंही तसंच. वाटेपुरतं इंधन, अंदाज चुकला तर थोडं जास्त, ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं. होनोलुलूच्या बाबतीत दुसरे विमानतळ शेजारच्या बेटांवर आहेत: माउईवर काहुलुई, हवाई बेटावर कोना आणि हिलो. पण ईस्टर बेटासारख्या ठिकाणी दुसरा विमानतळच नाही. अशा एकट्या विमानतळावर जाताना पर्यायी विमानतळाच्या इंधनाऐवजी सुमारे दोन तास पुरेल एवढं इंधन जवळ ठेवावं लागतं.

तिकिटावर छापलेला वेळ

मघाचे सहा तास बारा मिनिटं आणि तिकिटावरचे सात तास, यांत फरक का? तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. गेटपासून धावपट्टीपर्यंत जायला, रांगेत थांबायला आणि उतरल्यावर गेटवर यायला मिळून वीस ते तीस मिनिटं जातात. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, तिथे आणखी दहा-पंधरा. शिवाय किनाऱ्यावरच्या शहरांत विमानतळाला जागा समुद्राकडूनच मिळवावी लागते, त्यामुळे काही धावपट्ट्या इमारतींपासून दूर असतात. होनोलुलूची एक धावपट्टी प्रवाळाच्या पट्ट्यावर भराव घालून केली आणि १९७७ मध्ये सुरू झाली. हानेदाची चौथी धावपट्टी २०१० मध्ये सुरू झाली, ती समुद्रातल्या भरावावर आणि काही भागात खांबांवर उभी आहे. या धावपट्ट्यांवर उतरलात तर जमिनीवरचा प्रवासही बराच वेळ चालतो.

आणि तारीख

टोकियोचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या ९ तास पुढे आहे, होनोलुलूचं १० तास मागे. फरक १९ तासांचा. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे हा फरक वर्षभर तसाच राहतो. शुक्रवारी रात्री ९ ला टोकियोहून निघालात तर त्या क्षणी होनोलुलूत शुक्रवारचेच पहाटेचे २ वाजलेले असतात. सात तासांनी उतरलात की तिथे शुक्रवार सकाळचे ९. निघण्याच्या बारा तास आधी पोहोचल्यासारखं वाटतं. परतताना सोमवारी दुपारी १२ ला निघालात तर साडेआठ तासांनी टोकियोत मंगळवारचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात.

१९ चा आकडा डोक्यात ठेवण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. टोकियोच्या वेळेत ५ तास मिळवा आणि एक दिवस वजा करा, होनोलुलूची वेळ मिळते. आणि शरीराला जाणवतात ते हे ५ तासच. तारखेशी शरीराला देणं-घेणं नसतं, त्याला ऊन आणि अंधार कळतो. पाच तासांचा हा फरक जुळवून घ्यायला बहुतेकांना काही दिवस जातात.

वाररेषा १८० अंश रेखावृत्ताच्या आसपास आहे, पण सरळ नाही. बेटांच्या देशांना सोयीचा वार मिळावा म्हणून ती वळवलेली आहे, आणि देश आपली बाजू बदलूही शकतात. सामोआने ती दोनदा बदलली. १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोपा व्हावा म्हणून तो रेषेच्या पूर्वेला गेला, तेव्हा तिथे ४ जुलै हा दिवस दोनदा आला. पुढे व्यवहार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी वाढला, तेव्हा २०११ मध्ये तो पुन्हा पश्चिमेला आला. त्या वर्षी २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. शेजारचं अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिलं.

यामुळे सामोआचं आपिया आणि अमेरिकन सामोआचं पागो पागो या दोन बेटांवरच्या गावांमध्ये अंतर आहे सुमारे सव्वाशे किलोमीटर, छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि घड्याळात फरक बरोबर २४ तासांचा. रविवारी सकाळी १० ला आपियाहून निघालेला माणूस पागो पागोला उतरतो तेव्हा तिथे शनिवारचे पावणेअकरा वाजत असतात. अशा प्रवासात पुढचं तिकीट किंवा राहायची खोली ठरवताना निघण्याची तारीख घालू नका. उतरण्याच्या ठिकाणी त्या वेळी कोणती तारीख असेल ती आधी काढा, आणि तीच घाला.